बेटावरची वीतभर जागा

द्वारकेभोवतालचं ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख होता, त्यामुळे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात बेट द्वारका कधी परकं नव्हतं. लहानपणी आजीबरोबर ओख्याहून होडीतून गेले होते. फेब्रुवारी २०२४मध्ये ओखा आणि बेट जोडणारा सुदर्शन सेतू सुरू झाला. मागच्या हिवाळ्यात सौराष्ट्र मेलनं ओख्याला उतरले आणि पुलावरून रिक्षानं बेटावर पोचले. देवळाकडची गर्दी मागे टाकून किनाऱ्यानं चालत गेले, तर वाळूत कलंडलेल्या, कुणी टाकून दिलेल्या होड्या दिसल्या.

मला त्या होड्यांचे फोटो नको होते. होडी ओळखूच येऊ नये. रंग, रेघ आणि पोत एवढंच उरावं, असं मनात होतं. ही ओढ बडोद्यानंच लावली. रेघांच्या अमूर्त चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदी इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये १९७२पासून १९९०ला त्या गेल्या तोपर्यंत शिकवत होत्या. हयातीत त्यांनी आपले फोटो प्रदर्शनात मांडले नाहीत. मी ते छापील पाहिले तेव्हा हा फोटो कशाचा हे कळायच्या आधी रेघ दिसली होती.

पहिला दिवस वाया गेला. रात्री धर्मशाळेत दोनशेवर फोटो पाहिले, सगळ्यांत होडीच. कुठं दोर, कुठं कठडा, कुठं आकाशाचा कोपरा. असं काही दिसलं की डोळा ‘होडी’ म्हणतो आणि बघायचं थांबतो.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, एकच होडी घ्यायची आणि एका फोटोत वीतभर जागेपेक्षा जास्त काही घ्यायचं नाही. मॅक्रो लेन्सनं इतक्या जवळून फोकस अगदी उथळ मिळतो. कॅमेरा फळीला समांतर नसेल तर एक बाजू धूसर होते. त्यात होडीची कूस वळलेली, त्यामुळे जरा सपाट तुकडा शोधण्यातच तास गेला. मग ट्रायपॉड वाळूत घट्ट रोवून, लेन्सचं छिद्र लहान करून (एफ ११) काम सुरू केलं. सुटत आलेल्या रंगाच्या पोपड्यांना सकाळचं तिरपं ऊन लागतं, तरच त्यांच्या कडा उठून दिसतात. गंजाला मात्र सावली बरी. सावलीत येणारी निळी झाक रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, नंतर काढता येते.

सगळ्यात जास्त वेळ मी खिळ्यांपाशी घालवला. खाऱ्या हवेनं लोखंड गंजून नारिंगी ओघळ खाली आले होते, आणि खिळ्याभोवती लाकडात निळसर काळी प्रभावळ. ओलाव्यात लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की हा काळा रंग तयार होतो. एके काळी दौतीतली शाई याच मेळातून बनायची. एका फ्रेममध्ये असे तीन खिळे आले, वर फिकट हिरवा रंग. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघताना ते काय आहे हे क्षणभर मलाच सुचेना. तेव्हा वाटलं, जमलं.

शेजारी जाळं दुरुस्त करणारे एक काका मघापासून बघत होते. मी फोटो दाखवला. त्यांनी जराही न थांबता बोट ठेवलं, “बेन, आ तो जूनो रंग छे.” पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून रंगवतात, एकेका थराचा एकेक पावसाळा, असं ते सांगत होते. मी वस्तू पुसून टाकण्यासाठी दोन दिवस झटले होते, आणि त्यांना त्या वीतभर जागेत सगळी होडी दिसत होती. मला वाईट वाटलं नाही. उलट परत फळीपाशी गेले आणि पोपड्याच्या कडेवर थर मोजले: निळा, पांढरा, हिरवा, पुन्हा निळा. सात भरले.

बडोद्याला आल्यावर तीन खिळ्यांचा फोटो मोठा छापून घेतला. पुढच्या बाजूला नाव नाही. मागं पेन्सिलनं लिहिलंय: बेट द्वारका, होडीची डावी कूस, एक वीत, सात पावसाळे.