बंद पीसी पिंगला उत्तर देतो तेव्हा

सेकंडहँड पीसी घ्यायला गेलात तर दुकानातच चालू करताना एफ-टूसारखी जी की असेल ती दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मशीनचा सेटिंग मेनू, उघडून बघा. पासवर्ड मागितला तर पैसे खिशातच ठेवा. हे कळायला मला पाच आठवडे आणि चार चकरा लागल्या.

मी घरूनच जीएसटीची रिटर्न भरते. जुना पीसी गचकला म्हणून कुठल्याशा कंपनीतून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला. कॅबिनेटवर व्ही-प्रोचा, म्हणजे इंटेलच्या ऑफिससाठीच्या मशीनचा, स्टिकर, मशीन झकास. एका रात्री पाणी प्यायला उठले तर अंधारात राउटरच्या दोन नंबर पोर्टचा दिवा लुकलुकतोय. दोन नंबरला हाच पीसी, आणि तो मी साडेदहालाच शटडाउन केलेला.

नुसता दिवा ही भुताटकी नव्हे. पीसी बंद असला तरी एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, त्यावर लॅन कार्ड, म्हणजे नेटवर्कची वायर लागते तो भाग, जागं असतं. राउटर अधूनमधून सगळ्यांनाच हाका मारतो, तेवढ्यानेही दिवा लुकलुकतो. तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' (नेटवर्कवरून पीसी जागा करायची सोय) बंद केलं, पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' (ज्याने शटडाउन अर्धवटच होतं) काढलं. दिवा तसाच.

मग मुलाने लॅपटॉपवरून पिंग मारलं, म्हणजे नेटवर्कवरून या पीसीला 'आहेस का' अशी हाक दिली. चारपैकी चार उत्तरं आली. मी उठून कॅबिनेटला कान लावला. पंखा थंड, आवाज काही नाही. झोपलेल्या कार्डाने हाक ऐकणं वेगळं आणि ओ देणं वेगळं. चाळीस-एक अशिलांचे पोर्टलचे पासवर्ड त्यात होते.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. मालक म्हणाले, "मॅडम, दिवा म्हणजे इंटरनेट चांगलं येतंय." पिंगचं सांगितलं तर म्हणाले, "मग व्हायरस असेल. आठशे रुपये, फॉरमॅट मारून देतो." विंडोज चालूच नाही तर व्हायरस कशावर चालतोय, हे विचारलं. त्यावर त्यांनी आतल्या पोराला हाक मारली, पोराने तेच वाक्य परत म्हटलं.

घरी येऊन बायोसमधूनच लॅन बंद करावं म्हटलं, तर तिथे पासवर्ड. दुसरी चकर. "बायोसला कशाला जाता मॅडम? विंडोज चालतंय ना?" पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर जिथून मशीन आणलं त्यांना विचारा म्हटलं. तर ते लॉटमध्ये लिलावातून आलेलं, त्या कंपनीत कोणी ओळखत नाही. मग मीच उघडते म्हटलं, तर कॅबिनेटच्या स्क्रूवर त्यांचं सील. "सील फाटलं की वॉरंटी गेली." म्हणजे ते करणार नाहीत आणि मला करू देणार नाहीत! तिसऱ्या चकरेला मशीन पिशवीत घालून रिक्षाने नेलं, तर "टेक्निशियन गावाला गेलाय, ठेवून जा." वीस तारीख तोंडावर, जीएसटीचे ३-बी रिटर्न भरायचे बाकी, मशीन आणि अशिलांचा डेटा तिथे ठेवणार कोण? परत घरी. तेव्हापासून रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद करायला लागले. खरं तर हा उपाय पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता.

उत्तर सापडलं ते मुलाला. त्याने ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी आणि पुढे पोर्ट १६९९२ टाकला. पीसी बंद, आणि समोर लॉगिनचं पान! व्ही-प्रोच्या मशीनमध्ये एएमटी नावाची सोय असते. चिपसेटमध्ये वेगळा छोटा प्रोसेसर असतो, तो स्टँडबायवर चालतो आणि तेच लॅन कार्ड वापरतो, म्हणजे कंपनीच्या आयटीवाल्याला बंद मशीनही लांबून चालू करता येतं. आधीच्या मालकाने ती चालू केलेली आणि विकताना तशीच ठेवलेली. २०१७ मध्ये याच एएमटीत अशी चूक उघड झाली होती, की लॉगिनला रिकामं उत्तर पाठवलं तरी आत शिरता यायचं. म्हणून फर्मवेअरचा, म्हणजे चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरचा, अपडेटही घ्या, मी तो सगळ्यात शेवटी घेतला.

चौथ्या चकरेला मी बायोसची सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा बटण सेल नवा घेऊनच गेले आणि म्हटलं, माझ्यासमोर सील काढा, नाहीतर पैसे परत. सील निघालं. पासवर्डचा जंपर (मदरबोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढला, वायर काढून जुना सेलही काढला, पाच मिनिटं थांबलो. आमच्या मशीनवर तेवढ्याने भागलं. मशीन चालू होताना कंट्रोल-पी दाबल्यावर एएमटीच्या मेनूत 'अ‍ॅडमिन' हा मूळ पासवर्ड चालला; आधी घरी तोच नाकारत होता. त्याने लगेच नवा मागितला: आठ अक्षरं, त्यात मोठं, छोटं, आकडा आणि चिन्ह. मग एएमटी अनप्रोव्हिजन करून, म्हणजे जुन्या कंपनीची सेटिंग पुसून, बंद केलं आणि बायोसमध्ये डीप स्लीप चालू केली, म्हणजे स्टँडबायलाही कार्ड उपाशी.

त्या रात्री मुद्दाम भिंतीवरचं बटण चालू ठेवलं. दिवा नाही. पिंगला 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', म्हणजे कोणी ओ देत नाही, चार वेळा. मी अजून चार वेळा मारायला लावलं.

बिल मात्र आलं. 'सेल बदलणे, २०० रुपये.' सेल माझाच होता.