तिन्हींत अवघड काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही काही पहिले नाही. स्टाफरूममध्ये डबा उघडला की कुणीतरी विचारतंच, तलावाच्या वॉचमनने विचारून झालंय, दळण टाकायला गेले तर गिरणीवाल्यानेही जात्यावर हात ठेवून विचारलं होतं: "मॅडम, पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्हींत अवघड काय हो?" विचारणाऱ्याने मनात उत्तर ठरवलेलं असतं. पोहणं. वर्षभर मीही 'पोहणं' म्हणून मोकळी होत होते. माणूस समाधानाने मान हलवतो आणि आपल्याला डबा खाता येतो.

पण ते खरं उत्तर नाही. खरं अवघड आहे ते या तिन्हींच्या मधलं. ओले पाय बुटात घालणं.

आधी थोडं माझ्याबद्दल. वय ४४, कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवते. गेल्या हिवाळ्यात तीन ट्रायथलॉन केल्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एकाच शर्यतीत. दोन स्प्रिंट आणि एक ऑलिम्पिक. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिक म्हणजे याच्या बरोबर दुप्पट. इथवर सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मिलिंद सोमण करतो तेच ना?" नाही हो. त्याने २०१५ मध्ये झुरिकला केलं ते पूर्ण आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, तेही पन्नाशीला काही महिने उरलेले असताना. २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झालेली '७०.३' नावाची शर्यत त्याच्या निम्मी. (ते ७०.३ मैल आहेत, किलोमीटरमध्ये ११३. माझ्या वर्गातल्या पोरांना एकदा हे गणित घातलं होतं, निम्म्यांनी भागाकार केला.) माझं यातलं काहीच नाही. मी सगळ्यात खालच्या पायरीवरची.

आता पोहण्याचं. पाण्याची भीती मला कधीच नव्हती. आजोळच्या विहिरीत शिकले. मामाने कमरेला पांगिऱ्याचा बिंडा बांधला आणि काही न सांगता ढकलून दिलं. चौथ्या दिवशी बिंडा सुटला, पाचव्या दिवशी मी पोरांबरोबर मुटके मारत होते. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे मुंडकं वर, डोळे उघडे, तोंडाने गप्पा चालू. ट्रायथलॉनसाठी पुन्हा शिकायला गेले तेव्हा तिशीतल्या कोचने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही बुडणार नाही. पण पोचणारही नाही." तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकण्यात तीन महिने गेले.

तलावात आणखी वेगळीच गंमत. टँकच्या तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून जायचं. तलावात खाली हिरवट अंधार, कधी हाताला केंदाळाची मुळं लागतात आणि अंगावर काटा येतो. दर सात-आठ हातांनंतर मगरीसारखे नुसते डोळे वर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, कुठे आहे ते बघायचं, याला साइटिंग म्हणतात. पहिल्या स्पर्धेत भोंगा वाजला आणि शंभर-सव्वाशे माणसं एकदम पाण्यात. कुणाची टाच माझ्या गॉगलवर, कुणाचा हात पाठीवर. तीन महिन्यांचं शिक्षण तिथंच विरघळलं. छाती भरून आली, श्वास मिळेना. मी बाजूच्या कयाकला, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीला, जाऊन लटकले. ते चालतं. कयाक धरून थांबता येतं, फक्त तिने तुम्हाला पुढे न्यायचं नाही. पोहण्याचा प्रकारही कुठला का असेना, नियम आडवा येत नाही. मग काय, मुंडकं वर काढलं आणि मामाच्या विहिरीत पोहायचे तशी बेडकासारखी उरलेलं अंतर तोडत गेले. २६ मिनिटं लागली. पण लागली ती फक्त मिनिटं, पोचले. म्हणून म्हणते, पोहणं भीतिदायक आहे, अवघड नाही.

अवघड तिथून पुढे सुरू झालं.

पाण्यातून उठून उभी राहिले आणि जमीन एका बाजूला कलली. याचं कारण मला नंतर कळलं. अर्धा तास शरीर आडवं असतं, काम बहुतेक हातांचं, रक्तही तिकडेच धावलेलं. एकदम उभं राहिलं की ते पायांकडे उतरतं आणि डोकं क्षणभर रिकामं पडतं. म्हणून जाणकार लोक शेवटच्या पन्नास-साठ मीटरला मुद्दाम पाय जोरात मारतात. मला कुठलं माहीत? दारू प्यायल्यासारखी झुलत ट्रान्झिशनमध्ये शिरले. ट्रान्झिशन म्हणजे दोरीने आखलेलं मोकळं आवार, त्यात आडव्या दांड्यांना सीटने अडकवलेल्या सायकली, रांगेमागून रांग. माझी कुठली? सकाळी अंधारात लावली होती तेव्हा शेजारी लाल सायकल होती, एवढंच लक्षात. लाल सायकलवाली केव्हाच निघून गेली होती.

सायकल सापडली. खाली पंचा अंथरला होता, त्यावर मी बसले. आणि पाय पुसायला लागले. सावकाश, एकेका बोटाची बेचकी. मग मोजे. ओल्या पायावर मोजा चढत नाही, तो अर्ध्यात गुंडाळी होऊन बसतो आणि ओढावं तितका आवळतो. मग केस सोडून पिळले आणि पुन्हा बांधले. मग वरून कोरडा टीशर्ट, कारण ओल्या कपड्यात वाऱ्याला बसलं की सर्दी होते हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मग पाणी प्यायले. शेजारची मुलगी आली, हेल्मेट घातलं, गेली. तिच्यानंतर आणखी एक आली आणि गेली.

संध्याकाळी निकाल बघितला. घोट्याला बांधलेली चिप सगळं वेगवेगळं मोजते. पाणी ते सायकल, म्हणजे टी वन: ६ मिनिटं ४० सेकंद. सायकल ते पळणं, टी टू: ४ मिनिटं १० सेकंद. एकूण वेळ २ तास ८ मिनिटं ५० सेकंद, त्यातला बारावा हिस्सा मी कपडे बदलण्यात घालवला होता. मोठे खेळाडू टी टू अर्ध्या मिनिटात उरकतात. हा काळ घड्याळातून वजा होत असेल अशी माझी समजूत होती. तसं काही नसतं, घड्याळ चालूच असतं. म्हणून तर ट्रायथलॉनवाले ट्रान्झिशनला चौथा खेळ म्हणतात.

दुसऱ्या स्पर्धेत घाई केली आणि नियमात सापडले. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचं बक्कल लागलेलं हवं, आणि सायकल परत दांड्याला अडकवेपर्यंत ते सुटता कामा नये. मी सायकल ढकलत आत आले ती एका हाताने बक्कल सोडतच. शिट्टी वाजली. पंचांनी थांबवलं, बक्कल पुन्हा लावायला लावलं, मग सायकल अडकवा म्हणाले, मग काढा. पेपरात कॉपी करताना धरलेल्या पोरासारखी मी उभी. एरवी त्या जागी समोर मी असते.

मग घरी आवारात सराव सुरू केला. तुळशीकट्ट्याला सायकल टेकवायची, पंचा अंथरायचा, बादलीभर पाणी अंगावर ओतून घ्यायचं आणि पळत यायचं. मोबाईलमधलं घड्याळ आत्यांच्या हातात, म्हणजे सासूबाईंच्या. त्या मेथी निवडत बसायच्या. पहिल्या दिवशी मी सवयीने पाय पुसायला बसले तर म्हणाल्या, "काय गं, तळ्यातनं आलीयास का न्हाणीतनं?"

हसू आलं, पण तेच दुखणं होतं. नुसते मोजे आणि बूट असते तर आठवड्यात जमलं असतं. पाण्यातून बाहेर आलं की एक काम संपलं, आता जरा टेकू, हे शरीराला इतकं पक्कं शिकवलेलं असतं की ते आपोआप खाली बसतं. पोहताना एकदा लय लागली की हात आपले आपण चालतात. सायकलचंही तसंच. मधल्या त्या दोन मिनिटांना मात्र लय नसते. एक सोडलेलं, दुसरं धरलेलं नाही, आणि डोकं फिरतंय. अशा वेळी उभ्याने, न बसता, ठरलेल्या क्रमाने पाच गोष्टी करायच्या.

क्रम बसवला. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, चष्मा त्याच्यात. बुटांना नाडीऐवजी इलॅस्टिक, आत टाल्कम पावडर. मोजे बोटांपर्यंत गुंडाळून ठेवलेले, म्हणजे पाय घातला की उलगडत वर जातात. बिब, म्हणजे स्पर्धकाच्या नंबराचा कागद, कमरेच्या पट्ट्याला; सायकलवर पाठीमागे, पळताना पुढे फिरवायचा. टीशर्ट रद्द. पावडरचा डबा बघून आत्या म्हणाल्या, "लग्नाला निघालीस जणू." पण महिनाभरात साडेचार मिनिटांवरून दोनवर आणलं त्यांनीच. वेळ सांगताना पाच-दहा सेकंद वाढवून सांगायच्या हे मला फार उशिरा कळलं.

टी टूचा सराव निराळा. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले वाटतच नाहीत. मांड्या अजून पेडल मारतायत, खाली रस्ता मात्र स्थिर. यावर उपाय एकच, सायकल झाली की लगेच पळायचं, त्याला ब्रिक म्हणतात. रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला जायचे. गळीत हंगाम चालू, उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर समोरून, त्यांच्यामागून लोंबणारी वाढी तोंडावर. गुऱ्हाळाचा वास आला की भूक लागायची. खिशात गुळाचा खडा असायचा, पण घामाने विरघळून जर्सीला चिकटलेला. घरी येऊन सायकल फाटकाला टेकवायची आणि तशीच किलोमीटरभर पळायचं. समोरच्या काकूंना पहिले दोन रविवार वाटलं, घरात काहीतरी झालंय.

एक गंमत सांगायची राहिली. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, सॅन डिएगोच्या 'मिशन बे' इथे ट्रायथलॉन नावाची जी पहिली शर्यत झाली, ४६ जणांनी पुरी केली, तिच्यात पळणं पहिलं होतं आणि पोहणं शेवटी. आता पोहणं सगळीकडे पहिलं असतं, दमलेल्या माणसाला पाण्यात सोडू नये एवढाच साधा विचार. मी मात्र दर वेळी टी वनमध्ये डोकं गरगरलं की त्या ४६ जणांचा हेवा करते. त्यांना शेवटी ओले मोजे तरी घालावे लागले नसतील.

तिसरी स्पर्धा फेब्रुवारीत, ऑलिम्पिक अंतराची. दीड किलोमीटर पोहून उठले, शेवटी पाय मारले होते त्यामुळे जमीन जागेवर होती. सायकलची रांग मोजून ठेवली होती, तिसरी रांग, सातवी. उभ्याने मोजे, बूट, चष्मा, हेल्मेट, बक्कल, मग सायकल. २ मिनिटं ५० सेकंद. पुढे टी टूमध्ये तर मी उडालेच. १ मिनिट ३५ सेकंद. दोन्ही मिळून पहिल्या स्पर्धेपेक्षा ६ मिनिटं २५ सेकंद कमी. तिथल्या पाच किलोमीटरच्या पळण्यात तेवढे वाचवायचे तर किलोमीटरमागे ७७ सेकंद वेगाने पळावं लागलं असतं, जे मला या जन्मी जमणार नाही.

पळायला लागले. पाय जड होते, पण माझे होते. अर्धा किलोमीटर गेले असेन, कडेला पाण्याचे ग्लास घेऊन उभा असलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा ओरडला, "ओ काकी, हेल्मेट!"

हात लावून बघितलं. डोक्यावरच होतं, बक्कलही लावलेलं. कडेला टाकायचं म्हटलं तर सामान वाटेत टाकणंही नियमात बसत नाही, आणि परत मागे जायची माझी तयारी नव्हती. टोपी तिकडे अंथरलेल्या पंच्यावर राहिलेली, ऊन तर चढत होतं. तसंच दहा किलोमीटर पळाले.

फोटो दाखवला तर आत्यांनी चष्मा लावून, मोबाईल लांब धरून बघितला. "वेळ किती लागला म्हणालीस मधे?"

"दीड मिनिट, आत्या. सगळ्यात कमी."

"लागंल की," म्हणाल्या. "टोपलं उतरायचं कामच केलं न्हाईस."