दे, मी बोलते

टर्मिनेटरवाल्या श्वार्झनेगरला जर्मन येतं. येणारच. ऑस्ट्रियात ग्राझजवळच्या थाल गावात जन्मला, तिकडेच वाढला, १९६८ साली अमेरिकेला गेला. तरी इथे जर्मनीत थिएटरात त्याच्या तोंडून जे जर्मन ऐकू येतं ते त्याचं नसतं. ते डबिंग करणाऱ्या थॉमस डानेबर्गचं असतं. म्हणजे, असायचं. दुपारपासून हे डोक्यात घोळतंय, आणि खरं तर मी चिडलेय मुक्तावर.

फोन घेतला तिने माझ्या हातून. ओढून घेतला असता तर परवडलं असतं, ओरडता तरी आलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी घ्यावी तसा अलगद घेतला. "दे आई, मी बोलते." पलीकडे दाताच्या दवाखान्यातली बाई होती. तिला माझं आडनाव कळत नव्हतं, मग दाढ कळेना, मग ती एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलायला लागली. बहिऱ्याशी बोलतात तसं नव्हे हं, मूर्खाशी बोलतात तसं.

तरी ते चाललं असतं. सवय आहे. पण मुक्ता फोनवर मुक्ता नव्हतीच. तिने माझं नाव सांगितलं. माझी जन्मतारीख, माझा विमा. "मला" दुखतंय म्हणाली. चौदा वर्षांची पोरगी बेचाळीस वर्षांच्या बाईचा आवाज काढून बोलत होती, आणि पलीकडची बाई एकदम माणसात आली. मी समोर बसून मान डोलावत होते. माझा नवरा सुहास म्हणतो माझे ओठही हलत होते.

तो हसला. मला नाही हसू आलं.

मॅक्सम्युलर भवनात पहाटेच्या बॅचला बसून शिकलेय मी हे जर्मन. पुण्याच्या थंडीत स्कूटर काढून. फिनान्सआम्टचं, म्हणजे इथल्या कर-कार्यालयाचं, पत्र आलं की या घरात ते कोण वाचतं? मुक्ताला त्यातलं एक वाक्य शेवटपर्यंत कळत नाही. ऑफिसात मीटिंगची टिपणं मी लिहिते आणि माझ्या टिपणांत कोणी चूक काढलेली नाही. पण तोंड उघडलं की माझा 'र' जिभेच्या टोकावर वाजतो. इथे तो घशात वाजवायचा असतो. दक्षिणेत बायर्नमध्ये म्हणे माझ्यासारखाच चालतो. आम्ही बर्लिनला आलो.

आईला सांगितलं असतं हे, पण परवा तीच म्हणाली, तुझं मराठी पण हल्ली... आणि पुढे बोललीच नाही. जाऊ दे ते.

आणि मजा अशी की कानाने जे काही जर्मन शिकले ते याच डानेबर्गकडून. नवीन आलो होतो, सुहास दिवसभर ऑफिसात, मुक्ता पोटात, बाहेर उजेड नावाला. टीव्ही लावून बसायचे. इथे टीव्हीवर परदेशी सिनेमा लागतो तो बहुतेक जर्मन होऊनच. सुट्टीच्या दिवशी हमखास टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर. निळ्या डोळ्यांचा हिल, दाढीवाला धिप्पाड स्पेन्सर, दोघं मिळून खोलीभर गुंडांना बुकलतात. ते बघायला भाषा लागत नाही, म्हणून ऐकायला सोपं. हिलच्या त्या मिश्कील, आळसावलेल्या बोलण्याची मी आरशासमोर नक्कल करायचे. मग एकदा टर्मिनेटर लागला. हा आवाज कुठेतरी ऐकलाय म्हणून शोधलं, तर तोच माणूस! मग रॅम्बोतला स्टॅलोन. तोच. ट्रॅव्होल्टा, डॅन अ‍ॅक्रॉइड, निक नोल्टी, डेनिस क्वेड, तोच तोच तोच. जॉन क्लीझ सुद्धा! कुठे तो काटकुळा, चिरक्या रागाचा इंग्रज आणि कुठे स्टॅलोन. डानेबर्गचा फोटो पाहिला तर चेहरा अनोळखी. १९४२ चा जन्म, बर्लिनचाच. स्वतः पडद्यावरही काम केलेला नट, पण इथल्या दोन-तीन पिढ्यांना तो पाठ आहे तो डोळे मिटून.

आज रात्री पुन्हा त्याच्यावरचं काही काही वाचत बसले. फोनचा राग घालवायला बसले होते, उलट तो जास्तच पेटला.

कारण टेरेन्स हिललाही जर्मन येतं. खरं नाव मारिओ जिरोत्ती, आई जर्मन, लहानपणीची काही वर्षं ड्रेस्डेनजवळच्या लोमाच गावात, ऐन युद्धात. म्हणजे हिलला भाषा येते, श्वार्झनेगरला येते, आणि दोघांच्या वतीने बोलतो तिसराच. श्वार्झनेगर तर पुढे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला, सातेक वर्षं अख्खं राज्य चालवलं, पण जर्मन थिएटरात स्वतःच्या मातृभाषेत स्वतः बोलायची सोय नाही. त्याचं जर्मन टीव्हीवरच्या मुलाखतींत ऐकलंय मी. गावाकडचं, उतारावर घरंगळणारं, ऐकायला गोड. पण भविष्यातून आलेला यंत्रमानव असा बोलला तर प्रेक्षक घाबरायचे कसे? यंत्रमानव शुद्ध बोलला पाहिजे. म्हणजे बर्लिनचा माणूस आणा.

आणि तिकडे अमेरिकेत? १९७० साली त्याचा पहिला सिनेमा आला, हर्क्युलिस इन न्यूयॉर्क. श्रेयनामावलीत नाव अर्नोल्ड स्ट्राँग, कारण खरं आडनाव कोणाला उच्चारता येईना. आणि त्याचं इंग्रजी कोणाला झेपेना म्हणून त्याच्यावर दुसऱ्याचा आवाज चढवला. इंग्रजीत उच्चार परके, जर्मनमध्ये उच्चार गावठी. इथे त्या माणसाबद्दल मला इतका उमाळा आला की विचारू नका. दंड केवढे, आणि आवाज कुठलाच नाही.

हे सुहासला सांगायला गेले तर तो म्हणाला, त्याला त्याचे पैसे मिळाले ना. सुहासशी बोलण्यात अर्थ नाही.

पण मग कामाबद्दल वाचत गेले. सिनेमाचे तुकडे करतात, त्याला टेक म्हणतात, एकेक टेक काही सेकंदांचा, एखाद-दोन वाक्यांचा. समोर पडदा, मधे मेज, त्यावर कागद, माइक. टेक बघायचा, पुन्हा बघायचा, बोलायचं. पैसे ठरतात ते स्टुडिओत आल्याचे आणि वर दर टेकमागे. त्याआधी कोणीतरी संवाद लिहून दिलेले असतात, आणि ते नुसते अर्थाला जुळून भागत नाही. पडद्यावर ओठ मिटले की ऐकणाऱ्यालाही ओठ मिटणारंच अक्षर ऐकू यायला हवं, प, ब नाहीतर म. डानेबर्ग हेही करायचा, संवाद लिहायचा, इतरांचं डबिंग दिग्दर्शित करायचा.

हिल-स्पेन्सरच्या कितीतरी सिनेमांचे जर्मन संवाद रायनर ब्रांटने लिहिले. हा ब्रांट महा वाह्यात. पात्राने कॅमेऱ्याकडे पाठ केली की त्याला मोकळं रान. तोंड दिसत नाही ना, मग घाला एक विनोद. मुळात त्या जागी पात्र गप्प असलं तरी. मूळ सिनेमापेक्षा जर्मन सिनेमाच जास्त टवाळ झाला, आणि लोकांनी तोच डोक्यावर घेतला.

हे वाचलं आणि मला एकदम आठवलं की मुक्ताने फोनवर एक वाक्य घातलं होतं. "रात्रभर झोप नाही, गोळ्या घेऊनही कमी होत नाही." मी असं काही म्हटलंच नव्हतं! मला गार पाणी लागलं की कळ येते, एवढंच. पण दूरध्वनीवर माझं तोंड कुठे दिसत होतं. तेवढ्यात तिने घुसवलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळणार होती, ती गुरुवारची मिळाली.

तेव्हा मात्र मी हसले. एकटीच, स्वयंपाकघरात.

मी स्वतः बोलले असते तर खरंच बोलले असते आणि तीन आठवडे कळ सोसली असती. पोरीने माझ्यापेक्षा चांगली मी वठवली. लागायचं ते लागलंच, ते काही गेलेलं नाही. पण आपला श्रेयस तळपदे २०२१ साली हिंदीत पुष्पासाठी बोलला, तेव्हा भाचा इथे येऊन दिवसभर तोच संवाद मारत होता, आणि मी कौतुकाने म्हटलं होतं, बघ, आपला मराठी माणूस. अल्लू अर्जुनला कसं वाटलं असेल हा प्रश्न तेव्हा नव्हता पडला मला.

एका गोष्टीवर मात्र मी फार वेळ थांबले. २०१० च्या द एक्स्पेंडेबल्समध्ये चर्चचा प्रसंग आहे. स्टॅलोन आणि श्वार्झनेगर समोरासमोर, एकमेकांना टोमणे मारतायत. जर्मनमध्ये दोघांचाही आवाज डानेबर्ग. स्वतःच टोमणा मारायचा आणि स्वतःच परतवायचा. मी तो तुकडा शोधून पाहिला. कुठे एक माणूस संपतो आणि दुसरा सुरू होतो ते जबड्यावरून कळतं, स्टॅलोन शब्द तोंडातच ठेवतो, श्वार्झनेगर पुढे टाकतो. डोळे मिटून ऐकलं तेव्हाही दोघं निराळे वाटले. मग एकदा मिटून ऐकलं तर एकच म्हातारा माणूस ऐकू आला.

पुढे तब्येतीने त्याला काम थांबवावं लागलं. २०१९ च्या शेवटच्या रॅम्बोत स्टॅलोनसाठी युर्गेन प्रोख्नो बोलला. हा प्रोख्नो स्वतः मोठा नट, आणि गंमत म्हणजे पहिल्या रॉकीत, १९७६ साली, स्टॅलोनचा जर्मन आवाज तोच होता. डानेबर्गच्या आधीही तोच आणि नंतरही तोच. डानेबर्ग २०२३ मध्ये गेला. स्टॅलोन आहे, श्वार्झनेगर आहे, हिलसुद्धा आहे. या सगळ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, मला मात्र त्या थंडीतल्या दुपारी आठवल्या, आणि ते पुढचं लिहीत नाही.

मंगळवारी शाळेत पालकसभा आहे. मी बोलणार आहे, गणिताच्या बाईंशी, माझ्या 'र'सकट. मुक्ताने मघाशीच दारातून डोकावून विचारलं, "काय बोलणारेस ते लिहून दे ना आधी, मी नुसतं बघते." नुसतं बघते! म्हटलं, तुझ्या गणिताबद्दल बोलणारे, तुला कशाला लिहून देऊ. तर म्हणते, म्हणूनच.