मसाई पठारावर डीप-स्काय: जाणार असाल तर आधी हे वाचा

"आकाश बोर्टल २, गाडी थेट वर जाते." एवढं ऐकून डीप-स्काय, म्हणजे दूरच्या दीर्घिका आणि तेजोमेघांचे फोटो काढायला मार्गशीर्ष अमावस्येला पन्हाळ्याजवळचं मसाई पठार गाठलं. दोन्ही थापा. (बोर्टल म्हणजे आकाशाच्या काळोखाची मोजपट्टी, आकडा लहान तेवढा काळोख जास्त.)

आधी गाडीचं. पन्हाळ्यात जीप ठरवताना पठारावर सोडायचं ठरलं होतं. डांबर संपलं तिथं गडी उतरला, टायरला एक लाथ घातली आणि म्हणाला, "पुढं लई दगूड हाय, पाचशे जादा पडतील." दिले नाहीत. मग ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र), त्याचा तोल राखणारं काउंटरवेट, ट्रायपॉड, बॅटऱ्या आणि पाण्याचा कॅन पाठीवर घेऊन तो चढ चढलो. जांभ्याचे सुटे गोटे, मध्येच पावसानं कापलेले चर, त्यात दिवस मावळलेला. ट्रेकरला हा चढ म्हणजे काहीच नाही. पण एका खांद्यावर लेन्सची बॅग असली की प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं. सेटअप पाठीवर मावत नसेल तर इकडं येऊच नका. आणि जीपवाल्याशी "पठारावर" असं मोघम बोलू नका, "मसाईच्या देवळापर्यंत" असं बोला आणि पैसे तिथं पोचल्यावरच द्या.

या उशिरानं देवयानी दीर्घिका (एम ३१) हातची गेली. डिसेंबरच्या मध्यात एम ३१ साडेसातच्या सुमारास मध्यमंडलावर असते, म्हणजे पूर्ण अंधार होतो तेव्हा ती सर्वांत उंच. आम्ही पहिली फ्रेम घेतली तोवर ती पश्चिमेला कलली होती. सहाच्या आत वर पोचा, फ्लॅट्सही (धुळीचे डाग आणि काळवंडलेल्या कडा नंतर दुरुस्त करायला लागणाऱ्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम्स) संधिप्रकाशातच काढून ठेवा.

पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा आस ध्रुवाच्या दिशेला जुळवणं, ही इथली खरी डोकेदुखी. कोल्हापुरातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर दिसतो. त्या बाजूला खाली वारणेचं खोरं. आपला स्वच्छ आकाशाचा हंगाम तोच कारखान्यांचा गळीत हंगाम, त्यामुळं उत्तरेला पाचट जाळल्याचा धूर आणि आवारातले पांढरे दिवे. पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत) ध्रुव शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. वेजचा (ट्रॅकरखालच्या कलत्या बैठकीचा) कोन १७ वर घरीच लावून आणा. या कोनाला काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटू शकतो, तेही घरीच तपासा.

काळोखाचं म्हणाल तर माझ्या अंदाजानं बोर्टल ४. आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड चांगलाच वर येतो आणि मृग नेमकं त्याच्याच डोक्यावरून चढतं. नऊ वाजता एम ४२ वर, म्हणजे मृगातल्या तेजोमेघावर, फ्रेम्स जाळू नका. साडेअकरानंतर ते जवळपास ६८ अंशांवर जातं, तेव्हा सुरू करा. गाभा जळू नये म्हणून दहा सेकंदांच्या काही फ्रेम्स वेगळ्या घ्या. लाईट पोल्यूशन फिल्टरवर पैसे घालू नका, पांढऱ्या एलईडीपुढं तो फारसा चालत नाही. त्यापेक्षा कॅमेरा मॉडिफाय करून, म्हणजे आतला मूळ फिल्टर बदलून घ्या. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड कंपनीचा हा मूळ फिल्टर बराचसा खाऊन टाकतो.

दव मरणाचं पडतं. डोक्यावरची टोपी पिळून निघाली. ड्यू हीटर (लेन्सवर दव धरू न देणारा गरम पट्टा) नसेल तर मध्यरात्रीनंतर फोटो नाहीत, एवढं सरळ आहे.

पठार आता संवर्धन राखीव आहे. रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारून या आणि शेकोटी पेटवू नका.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा, तांबडा-पांढरा वगैरे झालं. त्यावर लिहिणारे ढीगभर आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं सोसलं ते. पहाटे पाचला दक्षिणेला, राधानगरीच्या बाजूच्या अंधारात, कॅरिना तेजोमेघ वर आला. नाद खुळा! मृगातल्या तेजोमेघापेक्षा कितीतरी मोठा, आणि दिल्लीवाल्यांना तो क्षितिजाला जेमतेम घासून जाताना मिळतो. इथं तो १३ अंशांपर्यंत चढतो. एवढ्या खाली तारे थरथरतात, म्हणून एक्सपोजर मिनिटभराच्या आतच ठेवा आणि फ्रेम्स भरपूर घ्या. २०० एमएमची लेन्स पुरे, टेलिस्कोप ओढत नेऊ नका. साडेपाचला झुंजुमुंजू होऊन खेळ संपतो, त्यामुळं डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीची अमावस्या धरा. तेव्हा कॅरिना रात्री दीडच्या सुमारासच मध्यावर असतो आणि चारच्या आसपास ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ त्याच्याही दुप्पट उंचीवर येतो.