तुम्ही विचारलेत म्हणून : पहिली पेटी दसऱ्यानंतर भरा

गच्चीवरून भाजीची परडी घेऊन जिना उतरताना जो कोणी भेटतो तो, आणि फोनवर बोलणारी नात्यातली निम्मी माणसे, मला एकच प्रश्न विचारतात : "आम्हालाही घरी भाजी लावायची आहे, सुरुवात कशापासून करू?" हा प्रश्न बहुधा जूनमध्ये, पहिल्या पावसाचा वास आल्यावर येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा टोमॅटो असतो. पुण्यात मी चौदा वर्षे, आधी दक्षिणेकडच्या गॅलरीत आणि नंतर सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर, भाज्या लावत आले आहे. तेवढ्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, दसरा होऊ द्या आणि मग मेथीपासून सुरुवात करा. हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो, म्हणून त्यामागची कारणे एकदा नीट लिहून काढते.

पहिल्या वर्षी मीही जूनमध्येच सुरुवात केली होती. रोपवाटिकेतून टोमॅटोची सहा रोपे आणली, आठ इंची कुंड्यांत नुसती काळी माती दाबून भरली आणि आता पाऊसच पाणी घालणार म्हणून निश्चिंत राहिले. जुलैमध्ये दिवसचे दिवस ऊन पडले नाही, कुंडीतली माती चिखलासारखी बसली, खालच्या पानांवर करप्याचे तपकिरी ठिपके आले आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी सहाही रोपे गेली. आपल्या हाताला गुण नाही असे तेव्हा मनाने घेतले आणि पुढे दीड वर्ष मी एकही कुंडी भरली नाही. हातात काही उणे नव्हते, महिना चुकला होता, हे मला फार उशिरा कळले, आणि तेवढ्यासाठीच नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी महिना सांगते.

वास्तविक ही गोष्ट मी लहानपणापासून पाहिलेली होती. माझे आजोळ गुहागरजवळच्या एका गावातले. आजीच्या परसात सगळे काही बारा महिने कधीच नसे. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका आणि काकडी, कडेला भेंडी, न्हाणीच्या पाण्यावर अळू; भातकापणी आणि दिवाळी उरकली की वाफे करून मुळा, लाल माठ, वांगी, मिरची, आणि खाचरात उरलेल्या ओलीवर वाल आणि पावटा. पंचांग पाहावे तितक्या सहजपणे ती महिना पाहून बी काढत असे. शहरातल्या मंडईत सगळ्या भाज्या सगळ्या महिन्यांत मिळतात, त्यामुळे कोणती भाजी केव्हाची हे ज्ञान आपल्या पिढीच्या हातून निसटले, आणि मग आपण कुंडीकडेही मंडईसारख्याच अपेक्षेने पाहू लागतो.

पुण्यातून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्यानंतर ऊन स्वच्छ असते, हवा कोरडी होत जाते, बुरशीजन्य रोगांचा जोर ओसरतो, आणि पाणी किती घालायचे हे पूर्णपणे आपल्या हातात येते. नवशिक्याला शिकायचे असते ते मुख्यतः पाणी घालणे, आणि पावसाळ्यात ते शिकताच येत नाही. टोमॅटोचेही तसेच आहे : दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पलीकडे गेले की फुले गळतात आणि सततच्या पावसात पाने करपतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये लावलेले रोप जानेवारीपासून जे देते ते जूनमध्ये लावलेले रोप क्वचितच देते.

आता जागेविषयी. गॅलरीत ऊन किती येते हे एका दिवसाच्या पाहणीवरून ठरवू नका, कारण ते वर्षभर सारखे नसते. पुण्याच्या अक्षांशावर साधारण १३ मे आणि ३० जुलै या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो (ते शून्य सावलीचे दिवस), आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी थोडा उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेकडची गॅलरी जूनमध्ये जवळजवळ सावलीत जाते. तीच गॅलरी डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच असतो, आतल्या भिंतीपर्यंत उन्हाने भरून जाते. मे महिन्यात "आमच्याकडे ऊनच येत नाही" म्हणून नाद सोडून दिलेल्या एका शेजारणीला मी डिसेंबरमध्ये तिच्याच गॅलरीतले ऊन दाखवले होते. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे थेट ऊन पुरते. वांगी, टोमॅटो, मिरची यांना सहा तास तरी हवे. गच्चीवर उन्हाची चिंता नाही, पण वजनाची आहे : एक घनफूट ओली माती सुमारे पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते, म्हणून जड कुंड्या तुळईच्या रेषेवर, कडेने ठेवाव्यात, विटांवर उचलून ठेवाव्यात, आणि मातीचे थेट थर स्लॅबवर पसरू नयेत. इमारत जुनी असेल तर जाणकार अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिल्या वर्षी महागड्या कुंड्या घेऊ नका. मे महिन्यात हापूसच्या लाकडी पेट्या घरोघरी रिकाम्या होतात, त्या जपून ठेवा. आतून जुने पोते किंवा हिरव्या जाळीचा तुकडा लावला की पालेभाजीसाठी त्याहून चांगला वाफा नाही : खोली सहा-सात इंच असते, फटींतून पाणी निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. दोन हंगामांत लाकूड कुजते, तोपर्यंत पुढचा मे आलेला असतो. भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे क्रेटही असेच चालतात.

पेटी कशाने भरायची हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, जे गणिताचे अध्यापक होते, त्यांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने महाराष्ट्राला हे शिकवले की शहरातल्या माणसाने माती विकत आणण्याऐवजी घरच्या आणि आसपासच्या काडीकचऱ्यातून ती तयार करावी. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या. मी त्याच वाटेने जाते. तळाला नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीतून आणलेली चिपाडे, त्यावर हाताने चुरलेला वाळका पाला, आणि वरचे चार इंच पोयटा माती व चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट निम्मे-निम्मे. चिपाडे ताजी वापरू नयेत. एक तर उरलेल्या गोडीमुळे मुंग्या लागतात, आणि दुसरे म्हणजे कच्चा काडीकचरा कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो, त्यामुळे वरची रोपे पिवळी पडतात. धुऊन, वाळवून, शेणाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे भिजवून ठेवलेली चिपाडे मात्र उत्तम काम करतात. नुसती काळी माती कुंडीत भरणे ही सर्वांत मोठी चूक. ती ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही अवस्थांत मुळांचा श्वास कोंडतो.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ओळखता येणे हेच बागेचे पहिले शिक्षण आहे. त्यासाठी रोज सकाळी तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावी. वरचा थर कोरडा दिसला तरी आत गार ओल लागली तर पाणी घालू नये. बोटाला कोरडी माती लागली तर तळातून थेंब पडेपर्यंत घालावे. माझ्याकडे डिसेंबरमध्ये पेट्यांना एक दिवसाआड पाणी पुरते, एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा लागते. ठरावीक वेळी ठरावीक तांब्या ओतणाऱ्यांची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात.

मेथीच का, तर ती नवशिक्याला लवकर धीर देते. फोडणीच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून, पेटीत दाट पेरून, वर अर्धा इंच माती पसरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि चार आठवड्यांत भाजी होते. मुळासकट न उपटता वरून खुडली तर आणखी एक लहानसा खुडा मिळतो. एका पेटीत साधारण एका जुडीएवढी मेथी होते. दर दहा दिवसांनी एक याप्रमाणे तीन पेट्या पेरल्या, तर दोन माणसांच्या घरात दहा-बारा दिवसांनी एकदा घरची मेथी येते. भाजीचा खर्च वाचेल अशी अपेक्षा पहिल्या वर्षी ठेवू नका. मेथीनंतर कोथिंबीर. तिच्यासाठी धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पेरावे लागतात आणि उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. पुष्कळ जण सातव्या दिवशी निराश होऊन पेटी उकरतात. पालक पानेपाने काढला तर तीन-चार वेळा फुटतो. एवढे जमले की नोव्हेंबरमध्ये मिरचीची दोन आणि टोमॅटोची दोन रोपे, प्रत्येक रोप वेगळ्या बारा इंची कुंडीत, लावावीत. त्यापेक्षा अधिक नकोत.

कीड येतेच. थंडी सरताना कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, आणि तो दिसताच औषधाची बाटली आणायला धावणारे मी पाहिले आहेत. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि चार दिवस थांबावे, कारण माव्यामागोमाग त्याला खाणारे ढालकिडे येतात. त्यांच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसायला भयंकर असल्यामुळे अनेक जण नेमक्या त्याच मारून टाकतात. तरीही मावा हटला नाही तर निंबोळी अर्क : पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावा.

वेलभाज्या दुसऱ्या वर्षीच्या जूनसाठी राखून ठेवा. दुधी आणि दोडका पावसाचेच, पण त्यांच्याविषयी मला येणारे निम्मे फोन "फुले येतात आणि गळून जातात" असे असतात. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आधी बरेच दिवस नुसती नर फुले येतात, आणि मादी फुलाच्या मागे बोटाएवढे इवले फळ आधीपासूनच असते. शहराच्या चौथ्या मजल्यावर कीटक कमी पोचतात, म्हणून परागीभवन आपण करायचे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, लाल भोपळ्याची पहाटे. त्या त्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. दोन दिवसांत ते इवले फळ फुगू लागलेले दिसते, आणि तो आनंद मला अजूनही पहिल्याइतकाच होतो.

फळझाडांपैकी सुरुवातीला एकच, लिंबू. बियांपासून केलेल्या रोपाला फळ यायला पाच-सहा वर्षे किंवा अधिक लागू शकतात, म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतून कलम आणावे आणि अर्ध्या पिंपात लावावे. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसले तर नीट पाहा, ती फुलपाखराची अळी असते. झाड लहान असेल तर अळ्या वेचून काढा, मोठे असेल तर दोन-चार राहू द्या.

बियाण्याच्या बाबतीत माझा आग्रह गावरान वाणांचा आहे. पाकिटावर संकरित असे लिहिलेले असेल तर त्या झाडाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही आणि दर हंगामी विकत घ्यावे लागते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात बियाण्यांची पेढी उभी केली, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम वाचल्यापासून मी घेवड्याच्या आणि भेंडीच्या सर्वांत निकोप झाडावरच्या दोन शेंगा दर वर्षी न तोडता वाळू देते. ते बी राखेत घोळून, बाटलीत भरून, वर महिना लिहून ठेवते. शेजारणींना बी देताना त्यांनीही दोन शेंगा राखाव्यात एवढीच माझी अट असते.

राहता राहिला प्रश्न, दसरा अजून लांब असेल तर तोवर काय करावे. भोके पाडलेल्या बादलीत आजपासून भाजीची देठे आणि साले टाका, प्रत्येक वेळी त्याच्या दुपटीने वाळका पाला वर पसरा, आठवड्यातून एकदा खालीवर करा, आणि पावसात झाकण ठेवा. मध्येच जाड करड्या अळ्या दिसतील. त्या कचरा खाणाऱ्या आहेत, झाडांना काही करत नाहीत, त्यांना तशाच राहू द्या. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाला घाला. दोन ते तीन महिन्यांत ते काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या वासाचे झाले म्हणजे तयार झाले. गणपती बसायच्या सुमारास बादली भरलेली असेल, तर दिवाळीपूर्वीच्या पहिल्या पेरणीला ते बेताने पुरते.