काळ्या दगडाची भुकटी आणि दहा दिवसांचा क्यूब

एका क्रशरवाल्याने आमच्या आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटला बेसॉल्टची भुकटी आणून दिली. पोत्यावर ‘नैसर्गिक पोझोलाना’ छापलेलं, म्हणजे सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जुळून घट्ट होणारी पूड. एम-२५ दर्जाच्या काँक्रीटमध्ये २० टक्के सिमेंट कमी करून ही घालायची, असं खरेदी विभागाने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. सोबतचा रिपोर्ट चोख होता: सिलिका, अॅल्युमिना आणि लोह मिळून ७६ टक्के. फ्लाय अॅशला (औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेला) किमान ७० लागतात. ब्लेन फाइननेसही (भुकटी किती बारीक याचं माप) हव्या असलेल्या ३२०च्या वर. माणूस फसवत नव्हता, त्याचा या रिपोर्टवर खरोखर विश्वास होता.

मला खटकलं ते दुसरंच. आपला दख्खनचा लाव्हा सावकाश थंड झाला, त्यामुळे त्यातली बहुतेक सिलिका फेल्डस्पार आणि पायरोक्झीन या खनिजांच्या स्फटिकांत अडकलेली आहे. चुन्याशी भिडते ती काच. इटलीत पोझ्झुओलीची राख चालते, कारण ती उडताना झटकन गार होऊन काचच राहिली. आपल्याकडे कुकडीकाठी बोरीला सापडते तशी राख वेगळी, क्रशरचा दगड वेगळा. रासायनिक रिपोर्टमध्ये हा फरक दिसतच नाही.

म्हणून आयएस १७२७ या भारतीय मानकातली चुना-क्रियाशीलता चाचणी लावली. १५० ग्रॅम विझवलेला चुना, १३५० ग्रॅम प्रमाणित वाळू, आणि भुकटी ३०० ग्रॅम गुणिले दोघांच्या विशिष्ट गुरुत्वांचं गुणोत्तर. भुकटी २.९, चुना २.२५, म्हणजे ३८७ ग्रॅम. हा गुणाकार विसरून सरळ ३०० घालणारे मी पाहिलेत. मग चाचणीला अर्थ उरत नाही. या मिश्रणाचे ५० मिमीचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) ४८ तास २७ अंशांवर, मग साच्यातून काढून आठ दिवस ५० अंशांवर दमट हवेत.

दहाव्या दिवशी क्यूब हातात घेतला तर कडा बोटाने सुटत होती, आत चुना पांढराच. मशीनवर काटा दीड किलोन्यूटनला थांबला. म्हणजे ०.६ मेगापास्कल, फ्लाय अॅशला ४.५ हवेत.

गंमत नाही, धास्ती वाटली ती पुढच्या आकड्याची. २० टक्के भुकटी घातलेला सिमेंट-वाळूचा मॉर्टार २८ दिवसांना साध्याच्या ८१ टक्के आला. मर्यादा ८०. म्हणजे पास! बारीक कण फटी भरतात, सिमेंटच्या हायड्रेशनला बसायला जागा देतात, म्हणून आकडा टिकतो. पण फ्लाय अॅश ९० दिवसांपर्यंत चुना खाऊन ताकद वाढवत राहते. ही भुकटी तिथे काहीच करत नाही, कमी केलेलं सिमेंट कमीच राहतं. साहेब म्हणाले, “तीन चाचण्या पास आहेत, एकीसाठी कशाला अडता?” ती एक नसती केली तर माल स्लॅबमध्ये गेला असता, हे अजून डोक्यातून जात नाही.

शेवटी मी सिमेंट पूर्ण ठेवून ती वाळूतल्या बारीक कणांच्या जागी वापरायला सुचवलं. तिथे मिक्सला चिकटपणा छान येतो, पंपिंग सुधारतं. पण क्रशरवाल्याने भाव ऐकून पोती परत नेली. इतका कडक दगड बॉल मिलमध्ये एवढा बारीक करायचा, तर विजेचा आणि गोळ्यांच्या झिजेचा खर्चच फिलरच्या (नुसत्या फटी भरणाऱ्या पुडीच्या) दरात निघत नव्हता.