पंखावरची जागा

विमानप्रवास सगळ्यात सुरक्षित असतो, हे मला समजवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडते. मला ते माहीत आहे. माझ्यासारख्या लोकांना ते इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत असतं, कारण रात्री-अपरात्री आम्ही तेच वाचत बसलेलो असतो. डोक्याला सगळं पटतं, आणि त्याच वेळी तळहातांना घाम फुटतो, पोटात गोळा येतो, मान आखडते. डोकं आणि पोट यांची आपापसात बोलाचालीच नाही, त्याला कोण काय करणार?

बरीच वर्षं मी यावर सोपा उपाय केला होता: विमानात बसायचंच नाही. रेल्वेने जायचं, बसने जायचं, नाहीतर जायचंच नाही. मग धाकट्या बहिणीने समुद्रापलीकडे संसार थाटला आणि तिला मुलगी झाली. रेल्वे समुद्रावरून जात नाही. भाची व्हिडिओ कॉलवर माझं तोंड दिसलं की मोबाइल चाटायला लागायची. तिला प्रत्यक्ष उचलून घ्यायचं म्हणून मी तिकीट काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते रद्द कसं करायचं याचे नियम वाचायला घेतले.

निघायच्या दिवशी मी विमानतळावर गरजेपेक्षा खूपच लवकर पोचले. चेक-इन काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चुरगळलेल्या कागदांकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पहिल्यांदा जाताय?" पहिल्यांदा नव्हे, पण खूप वर्षांनी आणि खूप घाबरून, असं मी सांगून टाकलं. तो हसला नाही. त्याने पडद्यावर काहीतरी खटपट केली आणि माझी शेवटच्या रांगेतली जागा बदलून पंखावरची, वाटेकडेची जागा दिली. "इथे हादरे कमी जाणवतात. आणि विमानात शिरताना दारातच क्रूला सांगा. आत्ता मला सांगितलंत ना, तसंच. लाजू नका."

पंखाजवळ हादरे कमी का, हे मला नंतर कळलं. विमानाचा तोल जिथे सांभाळला जातो ती जागा पंखांच्या आसपास असते. नाक वर-खाली झालं तर त्या जागेभोवती होतं, त्यामुळे टोकाला, विशेषतः शेपटीकडे बसलेल्यांचा झोका मोठा असतो. तेच विमान, तीच हवा, पण शेवटच्या रांगेत बसलेला माणूस वेगळीच गोष्ट घरी सांगतो.

दारात सांगायचं हे ठरवणं सोपं होतं. प्रत्यक्षात मागे माणसांची रांग, खांद्याला बॅगांचे धक्के, आणि समोर गणवेशातली बाई सगळ्यांना नमस्कार करतेय. मी पुटपुटले, "मला विमानाची भीती वाटते." वाटलं, आता "काही नाही होत हो" ऐकायला मिळणार. तिने मला हाताला धरून आत, पँट्रीच्या कोपऱ्यात उभं केलं, मागच्यांना वाट करून दिली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नेमकी कशाची वाटते?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीही विचारला नव्हता. बंद जागेची, उंचीची, गर्दीत अडकल्याची, की सगळं दुसऱ्या कुणाच्या हातात असल्याची? ती एकेक नाव घेत गेली तशी माझी मीच चाचपडत गेले. बंद जागेचं मला काही वाटत नाही. खिडकीतून खाली बघायलाही आवडतं. माझी भीती आवाजांची होती. आवाज अचानक बदलला की काहीतरी बिघडलं असं वाटतं. आणि दुसरी, उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान खाली जातंय असं वाटतं, त्याची.

"मग तुमचं काम सोपं आहे," ती म्हणाली. खिशातलं पेन काढलं, जवळची उलटीची पिशवी घेतली आणि तिच्यावर क्रमाने लिहायला लागली: काय काय ऐकू येईल, कधी येईल, कशाचं असेल. लोक विमानात शिरतायत, कुणाची तरी बॅग वरच्या कप्प्यात मावत नाहीये, आणि ही बाई शांतपणे उलटीच्या पिशवीवर आवाजांची यादी करतेय! तेवढ्यात कॉकपिटमधून कॅप्टन बाहेर आले होते, त्यांनाही तिने सांगितलं. त्यांनी हवामानाचं सांगितलं: वर गेल्यावर साधारण तासाभराने जेट स्ट्रीमच्या, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, कडेने जायचंय, थोडा वेळ हादरे बसतील, मी आधी घोषणा करीन. "इंजिनं बंद पडली तर?" असं मी विचारलंच. ते म्हणाले, "दोन्ही बंद पडणं फार दुर्मीळ. आणि पडली तरी विमान टपकन खाली येत नाही, तरंगत तरंगत उतरतं. एका इंजिनावर तर आम्ही ठरल्याप्रमाणे उडत राहू शकतो, त्याचा सराव सतत होतो."

घरी आल्यावर मी ते शोधलं. २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या एका विमानाचं इंधन अटलांटिकवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद. ते जवळपास एकोणीस मिनिटं नुसतं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि आतले सगळे, म्हणजे ३०६ जण, वाचले. घाबरट माणसाने अपघातांबद्दल वाचू नये म्हणतात. मला हे वाचून झोप चांगली लागली, ज्याचं त्याने ठरवावं.

तर पिशवीवरची यादी. विमान एअरबस ए३२० होतं. पहिलीच नोंद: "जमिनीवर असताना पायाखालून करवतीसारखा, कुत्रा भुंकल्यासारखा आवाज. हायड्रॉलिकचा पंप." तो आला. माझ्या शेजारचे गृहस्थ दचकले, मी नाही. मग पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या बाहेर येतानाची घरघर: फ्लॅप्स, कमी वेगातही पंखांनी विमान उचलावं म्हणून. धावपट्टीवर धावताना ठक-ठक-ठक, वेगाबरोबर वाढत जाणारं: मधल्या रेषेवरच्या दिव्यांवरून पुढचं चाक जातंय. चाकं जमिनीवरून सुटली की काही सेकंदांत पोटात धप्प: चाकं आत घेतली, झाकणं बंद झाली.

आणि मग तिने दोनदा अधोरेखित केलेली ओळ: "इंजिनांचा आवाज एकदम कमी होईल. खाली जातोय असं वाटेल. जात नसतो."

याच क्षणी पूर्वी मी खुर्चीचे हात पकडून डोळे मिटायचे. उड्डाणाला लागणारा जोर वर चढायला लागत नाही, म्हणून साधारण हजार-दीड हजार फुटांवर वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतात आणि नाकही थोडं खाली घेतात. विमान तेव्हाही चढतच असतं. पण आपल्या आतल्या कानात तोल सांगणारे जे बारीक खडे असतात, त्यांना वेग वाढणं आणि मागे कलणं यातला फरक कळत नाही. वेग वाढायचा कमी झाला की ते सांगतात, आपण पुढे कललो, पडलो! बाहेर ढग किंवा अंधार असला, म्हणजे डोळ्यांची साक्ष नसली, की त्यांचंच खरं वाटतं. वैमानिकांनाही हा भास होतो. म्हणूनच त्यांना शरीरावर विश्वास ठेवू नका, समोरच्या उपकरणांवर ठेवा असं शिकवतात. माझ्यासमोर उपकरणं नव्हती, पिशवी होती. आवाज कमी झाला, पोट खाली गेलं, मी ती ओळ वाचली. छाती धडधडलीच, पण काय चाललंय ते मला ठाऊक होतं, आणि एवढ्याने किती फरक पडतो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

उड्डाणाच्या वेळी ती माझ्या तिरकस समोर, क्रूच्या घडीच्या खुर्चीवर ताठ बसली होती. हात मांड्यांखाली, नजर समोर, एक शब्द नाही. नंतर मी तिला विचारलं की हे काय होतं. ती म्हणाली, बसायची पद्धतच तशी, धक्का बसला तर हात-पाय उडू नयेत म्हणून. आणि त्या अर्ध्या मिनिटात त्या मनातल्या मनात उजळणी करतात: माझं दार कुठलं, ते कसं उघडायचं, काय ओरडून सांगायचं, मदतीला कोण घ्यायचं. प्रत्येक उड्डाणाला, प्रत्येक उतरण्याला. चहाच्या ट्रॉलीमागे उभी असते म्हणून आपण तिला वाढपी समजतो.

मुळात या कामात बायका आल्या, त्याही बऱ्याचशा घाबरलेल्या लोकांसाठीच. एलन चर्च नावाच्या अमेरिकन परिचारिकेला वैमानिक व्हायचं होतं. तिला ते काम कुणी देईना. मग तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या विमान कंपनीला सुचवलं की विमानात नर्सेस ठेवा, लोकांची भीती कमी होईल. १५ मे १९३० रोजी ती ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात पहिली स्त्री केबिन क्रू म्हणून चढली. तेव्हाची विमानं खरोखरच घाबरावीत अशी होती.

तासाभराने कॅप्टनची घोषणा झाली आणि पट्ट्याचा दिवा लागला. ती माझ्या खुर्चीशी येऊन वाकली. "आता थोड्या वेळाने आम्हालाही बसायला सांगतील. ते ऐकून घाबरू नका. आम्ही उभे असतो, म्हणून आम्हाला लागतं. पट्टा लावलेल्या माणसाला सहसा काही होत नाही." हे तिने आधी सांगितलं हे फार बरं झालं. खुद्द क्रूला बसायचा आदेश आला, ट्रॉल्या लगबगीने मागे गेल्या, ते दृश्य मी एकटीने पाहिलं असतं तर मनातल्या मनात इच्छापत्र लिहायला घेतलं असतं.

मग हादरे सुरू झाले. छोटे, मग मोठे, मग एक असा की मागे कुणीतरी किंचाळलं. तिने जाता जाता माझ्यासमोर पाण्याची अर्धी भरलेली बाटली ठेवली होती. "हिच्याकडे बघा." बाटलीतलं पाणी थोडंसं हललं, बस. माझ्या पोटाच्या हिशेबाने आपण शेकडो फूट कोसळलो होतो. पाण्याच्या हिशेबाने कच्च्या रस्त्यावरच्या बसइतकंही काही झालं नव्हतं. अशा हादऱ्यांत विमानाची उंची बहुतेक वेळा काही फुटांनीच बदलते. विमान हवेत टांगलेलं नसतं, ते हवेतून वाहत असतं, आणि हवेचे प्रवाह वेगवेगळ्या वेगाने एकमेकांजवळून जातात तिथे ती ढवळली जाते.

पंख खिडकीतून वर-खाली होताना दिसत होते. पूर्वी मला ते मोडतील असं वाटायचं. ते मोडू नयेत म्हणूनच लवचीक केलेले असतात. प्रवासी विमानाच्या पंखांना सेवाकाळात येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार सहन करून दाखवावा लागतो. २०१० मध्ये बोइंगने ७८७ चे पंख चाचणीत जवळपास २५ फूट वर वाकवले. वरच्या हवेत कोण इतके वाकवणार?

श्वासाचंही तिने सांगितलं होतं: आत घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. हे वाचून मला माहीत होतं आणि मी ते नेहमी भीती टिपेला पोचल्यावर करून पाहायचे, तेव्हा ते जमत नाही. हादरे यायच्या आधीच सुरू करा, असं तिचं म्हणणं होतं. मला ते जमलं, थोडंफार. मी घाबरले नाही असं कुणाला वाटू नये. मी घाबरले होते. पण हादरा गेल्यावर पुन्हा श्वास मोजायला लागत होते.

मधेच दोन सुरांचं टिंग-टाँग वाजलं. यादीत होतं: "क्रूचा आपसातला फोन. बहुतेक वेळा मागच्यांचे कप संपलेले असतात."

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते, कारण अनेकजण करतात. भीती जावी म्हणून दारू, त्यावर कुणी मैत्रिणीने दिलेली झोपेची गोळी, असं एकत्र घेऊ नका. गोळी हवीच असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारून, आणि आधी घरी एकदा घेऊन पाहिलेली.

सगळेच असे भेटतील असंही नाही. पुढच्या जोडविमानात मी दारात हेच वाक्य म्हटलं तर तिथल्या क्रूने "एन्जॉय युवर फ्लाइट" म्हणून मला पुढे ढकललं. चिडले मी. पण तेव्हा पिशवी माझ्या पर्समध्ये होती आणि ठक-ठक, धप्प सगळं त्याच क्रमाने आलं, फक्त भुंकणं नव्हतं, कारण विमान वेगळ्या बनावटीचं होतं. उतरताना पंखांवरच्या झडपा उभ्या राहिल्या आणि इंजिनं गरजली, तेव्हा शेजारची बाई माझा हात धरू पाहत होती. मी धरू दिला, तिला काही समजावायला मात्र गेले नाही, माझा स्वतःचाच श्वास मोजून व्हायचा होता.

भाचीने मला पाहून भोकाड पसरलं, ते दोन दिवस थांबलं नाही.

परतीच्या तिकिटाच्या वेळी मी पंखावरची जागा मागितली. मिळाली नाही. शेवटून दुसरी रांग मिळाली, शौचालयाला लागून, आणि सगळ्या वाटेत हवा खराब होती. मी बाटली समोर ठेवून बसले आणि बराचसा राग त्या जागेवरच काढला.